दहा इंच सोडले, संवाद घेतले: एका हॉलमधल्या होम सिनेमाची निवड

घरात चार माणसं: नवरा-बायको, १६ वर्षांचा मुलगा आणि आजी. हॉलमध्ये ४३ इंची फुल एचडी टीव्ही, बराच जुना. सगळ्यांना सिनेमाची आवड, त्यामुळे आता घरातच थिएटरसारखं काहीतरी करू, असं ठरलं होतं. बेतही तयार होता. टीव्ही ७५ इंची घ्यायचा आणि उरलेल्या पैशांत एखादा साउंडबार, म्हणजे टीव्हीखाली ठेवायचा लांबट स्पीकर. एकूण रकमेचे १०० भाग धरले तर ८५ टीव्हीला, १५ आवाजाला. माझ्याकडे आले ते फक्त 'कोणतं मॉडेल घेऊ' एवढं विचारायला.

मॉडेल बाजूला ठेवून मी आधी तक्रारी विचारल्या. बाईंचं म्हणणं, रात्रीच्या प्रसंगात पडद्यावर काही दिसतच नाही. नवऱ्याला चित्र लहान वाटत होतं. मुलाला गेम खेळताना बटण दाबल्यावर चित्र मागे पडतंय असं जाणवायचं. आणि आजी म्हणाल्या, "बोलतात काय ते कळत नाही, आणि मारामारी सुरू झाली की कानठळ्या बसतात." त्यावर बाकीचे तिघेही म्हणाले की आम्हीसुद्धा सबटायटल लावूनच बघतो, आणि रिमोट कायम हातात असतो. बोलणं आलं की आवाज वाढवायचा, गोंधळ आला की कमी करायचा. माझ्या लेखी हे सगळ्यात भरवशाचं लक्षण आहे. ज्या घरात सिनेमाभर रिमोट खाली ठेवता येत नाही, तिथलं दुखणं मोठ्या पडद्याने बरं होत नाही.

आता खोली. लांबी ५.४ मीटर, रुंदी ३.५ मीटर, छत २.९ मीटरवर. टीव्ही एका लांब भिंतीवर, सोफा समोरच्या लांब भिंतीला टेकलेला. डावीकडच्या आखूड भिंतीत मोठी खिडकी, तिला पातळ पडदा. उजवी बाजू पुढच्या खोलीकडे पूर्ण उघडी. जमिनीवर नुसती फरशी, भिंती मोकळ्या. मधे उभं राहून टाळी वाजवली की मागे धातूसारखी झणझण राहायची. सोफ्यावर बसलेल्याच्या डोळ्यापासून पडदा २.८ मीटर. आजींना सोफा खोल पडतो, म्हणून त्यांची ताठ पाठीची खुर्ची उजवीकडे, टीव्हीच्या मध्यरेषेपासून १.६ मीटर बाजूला. तिथून त्या साधारण ३६ अंशांच्या तिरक्या कोनातून बघायच्या.

खरेदीआधी जुना टीव्ही तपासला. वीज वाचवण्याची सोय चालू होती, त्यामुळे खोलीत अंधार झाला की टीव्ही स्वतःच मागचा दिवा मंद करत होता. म्हणजे दिवे घालवून सिनेमा लावला की काळोखातले प्रसंग आणखी बुडायचे. ती सोय बंद केली, चित्राचा प्रकार 'सिनेमा' केला, तर बाईंची निम्मी तक्रार तिथेच मिटली. मुलाच्या कन्सोलसाठी 'गेम' मोड लावला, तेव्हा त्याचीही बरीचशी. टीव्ही भिंतीवर फार उंच टांगलेला होता, मध्य दीड मीटरच्याही वर. अशा पॅनलकडे खालून बघितलं की काळा रंग राखाडी दिसतो आणि मानही दुखते. जुन्या वस्तूकडून काय मिळू शकतं हे कळल्याशिवाय नवीन कशासाठी घ्यायची ते ठरत नाही.

मग आकार. टीव्हीचे इंच कर्णावर मोजतात, पण नजरेला कळते ती रुंदी. ६५ इंची टीव्ही १४४ सेंमी रुंद असतो, ७५ इंची १६६ सेंमी. पडदा नजरेचा किती कोन व्यापतो, हा खरा प्रश्न. या बाबतीत दोन आकडे प्रचलित आहेत: एसएमपीटीई या तंत्रज्ञ संघटनेचा किमान ३० अंशांचा, आणि सिनेमागृहांचा दर्जा प्रमाणित करणाऱ्या टीएचएक्सचा सिनेमासाठी ४० अंशांचा. जुना ४३ इंची टीव्ही २.८ मीटरवरून जेमतेम १९ अंश व्यापत होता. म्हणजे नवऱ्याची तक्रार अगदी खरी होती. त्याच जागेवरून ६५ इंची २९ अंश भरतो, ७५ इंची ३३. वर सिनेमाचा पट बहुतेकदा टीव्हीच्या १६:९ पडद्यापेक्षा रुंद असतो. २.३९:१ प्रमाणातला सिनेमा ६५ इंची पडद्यावर लावला की ८१ सेंमी उंचीपैकी ६० सेंमीच वापरली जाते, बाकी वर-खाली काळ्या पट्ट्या.

कागदावर ७५ इंच जिंकत होता. पण सोफा भिंतीपासून ४० सेंमी पुढे ओढला तर अंतर २.४ मीटर होतं आणि ६५ इंची टीव्हीसुद्धा ३३ अंश व्यापतो. जे ७५ इंच सोफा भिंतीला टेकवून देणार होते, ते ६५ इंच सोफा सरकवून देतात, आणि सरकवायला काही लागत नाही. जुनी वर्तमानपत्रं चिकटवून दोन्ही मापांचे आयत भिंतीवर लावले आणि घरच्यांना सरकवलेल्या सोफ्यावर बसवलं. मुलाला अर्थातच मोठा आवडला. बाकी तिघांना ६५ पुरेसा वाटला. खेरीज घरात साध्या वाहिन्यांची कमी रेझोल्यूशनची चित्रं बरीच बघितली जातात, आणि ती पडदा वाढेल तशी पिठूळ दिसतात. दोन टीव्हींच्या किमतीतला फरक आवाजाकडे वळवायचा, हे त्याच संध्याकाळी ठरलं. पुढचं सगळं या एका निर्णयावर उभं आहे.

८-के चा, म्हणजे ४-केच्या चौपट पिक्सेल असलेल्या पडद्याचा विषय मुलाने काढला होता. त्याला हिशोब करून दाखवला. ६५ इंची ४-के पडद्यावर एक पिक्सेल ०.३७ मिलिमीटरचा असतो. निरोगी डोळा साधारण एका कलेएवढा, म्हणजे अंशाच्या साठाव्या भागाएवढा बारकावा वेगळा ओळखतो. त्या मापाने हे पिक्सेल सुटे दिसायला १.३ मीटरवर जाऊन बसावं लागेल. २.४ मीटरवरून ४-केचेच सगळे बारकावे हाती लागत नाहीत, तिथे ८-के काय करणार? विषय संपला.

पॅनलची निवड मात्र सरळ नव्हती. ओलेडमध्ये प्रत्येक पिक्सेल स्वतः उजळतो आणि स्वतः विझतो, त्यामुळे काळा खरोखर काळा दिसतो आणि बाजूने बघितलं तरी चित्र फारसं बदलत नाही. सिनेमासाठी आणि आजींच्या तिरक्या खुर्चीसाठी तोच योग्य. पण दिवसा खिडकीतून भरपूर उजेड येतो, आणि पूर्ण पांढरं चित्र आलं की ओलेडला उजळपणा आवरता घ्यावा लागतो. त्याहून मोठी अडचण म्हणजे आजींची वृत्तवाहिनी. दिवसाचे कित्येक तास एकच वाहिनी, कोपऱ्यात तेच बोधचिन्ह, खाली तीच रंगीत पट्टी. ओलेडचे पिक्सेल वापराने झिजतात. एकाच जागी वर्षानुवर्षं तेच चित्र राहिलं तर त्याचा ठसा कायमचा उरण्याची शक्यता असते. पिक्सेल सरकवणं, बोधचिन्ह मंद करणं अशा सोयींनी धोका घटतो, पण या घरच्या वापरात मला तो नको होता.

दुसरा पर्याय मिनी एलईडीचा. हा मुळात एलसीडीच. फक्त मागे हजारो बारीक दिवे असतात आणि ते गटागटाने कमी-जास्त होतात. उजेडात भक्कम, ठशाची काळजी नाही. दोष दोन. काळ्या पार्श्वभूमीवरच्या पांढऱ्या सबटायटलभोवती हलकी आभा दिसते, आणि व्हीए प्रकारच्या पॅनलमध्ये बाजूने बघणाऱ्याला रंग फिके दिसतात. दुसऱ्या दोषावर उपाय बसण्याच्या जागेत सापडला. सोफा ३० सेंमी डावीकडे घेतला आणि आजींची खुर्ची त्याच्या शेजारी, त्याच रांगेत आणली. कोन ३६ वरून २३ अंशांच्या आसपास आला आणि रांगेचा मध्य टीव्हीच्या मध्यासमोर. आभेसाठी टीव्हीच्या मागे भिंतीवर मंद पांढरा दिवा लावला, ६५०० केल्विनचा. भिंत किंचित उजळली की डोळ्याला काळा अधिक गडद भासतो. वृत्तवाहिनी नसती तर याच खोलीत मी जाड पडदे आणि ओलेड सुचवला असता, यात शंका नाही.

मिनी एलईडी घेताना गटांची संख्या आणि निट्सचे, म्हणजे उजळपणाच्या मापाचे, जाहिरातीतले आकडे बघून निवड केली नाही. साधं चित्र १०० निट्स धरून तयार केलेलं असतं, उजेड-अंधाराचा मोठा आवाका असलेले एचडीआर सिनेमे बहुतेक १,००० किंवा ४,००० निट्स धरून. टीव्ही आपल्या आवाक्याबाहेरचा उजेड कसा बसवतो, हे महत्त्वाचं. ते बघायला अंधाऱ्या खोलीत एखादा दिवा किंवा मेणबत्ती असलेला प्रसंग लावावा. दुकानात फिरणाऱ्या फुलांच्या नि माशांच्या चित्रफितींत सगळेच टीव्ही छान दिसतात. मुलासाठी १२० हर्ट्झ, म्हणजे सेकंदाला १२० चित्रं, आणि ती कन्सोलपासून टीव्हीपर्यंत आणणारी एचडीएमआय २.१ जोडणी घेतली. १२० हर्ट्झचा फायदा सिनेमालाही होतो, कारण २४ फ्रेम त्यात पाचपटीने नेमक्या बसतात. ६० हर्ट्झमध्ये एक फ्रेम दोनदा, पुढची तीनदा दाखवावी लागते आणि कॅमेरा हळू फिरला की धक्के जाणवतात.

आता आवाज, म्हणजे या प्रकरणाचं मूळ.

सिनेमाचा ५.१ ध्वनी म्हणजे पाच स्पीकर आणि एक सबवूफर (फक्त खोल स्वरांचा स्पीकर) यांच्यासाठी आवाजाच्या वेगवेगळ्या वाहिन्या. तो तयार होताना बहुतेक संवाद मधल्या वाहिनीवर, म्हणजे सेंटरवर ठेवलेले असतात. टीव्हीला दोनच स्पीकर, तेही बहुधा खाली किंवा मागे तोंड केलेले. त्यामुळे मधली वाहिनी साधारण ३ डेसिबलने उतरवून डाव्या-उजव्यात मिसळली जाते, आणि तिथे संगीत, पाऊस, गाड्या आधीच बसलेल्या असतात. एकदा मिसळल्यावर संवाद तेवढे वेगळे वाढवायची नीट सोय उरत नाही. रिमोटने आवाज वाढवला की पाऊसही वाढतो. शिवाय दोन स्पीकरमधून मधोमध भासणारा आवाज फक्त मधे बसलेल्यालाच मधे भासतो. आजींना तो उजव्या स्पीकरमधूनच यायचा. सेंटरचा वेगळा स्पीकर असला की कुठेही बसलं तरी संवाद पडद्यातून येतात आणि त्यांची पातळी स्वतंत्र वाढवता येते. सबटायटल लावणाऱ्या या चौघांना खरं तर हा एक स्पीकर हवा होता.

साउंडबार नाकारला तो या खोलीमुळे. त्यांनी पसंत केलेला बार बाजूचे आणि वरचे आवाज भिंतींवर नि छतावर आपटवून तयार करणारा होता. छत सपाट होतं, ते चाललं असतं. पण उजवीकडे भिंतच नाही, तिकडे फेकलेला आवाज परत येणार कुठून? वायर टाकणं अशक्य असलेल्या घरात सेंटरची वाहिनी आणि वेगळा सबवूफर असलेला बार मी आनंदाने सुचवतो. इथे वायर टाकता येत होती.

म्हणून रिसीव्हर (वाहिन्या वेगळ्या करून स्पीकरना ताकद पुरवणारी पेटी), पुढचे तीन स्पीकर आणि एक सबवूफर. तिन्ही स्पीकर एकाच मालिकेतले, नाहीतर पडद्यावर डावीकडून उजवीकडे जाणाऱ्या गाडीचा आवाज वाटेत बदलतो. डावा-उजवा एकमेकांपासून २.४ मीटरवर, म्हणजे मधल्या प्रेक्षकाला दोन्ही बाजूंना साधारण २७ अंशांवर. सेंटर टीव्हीखालच्या कपाटावर, पार पुढच्या कडेला आणि तोंड कानाकडे किंचित वर केलेलं. तो कपाटात आत ढकलला की फळीवरून परतलेला आवाज संवादात मिसळतो आणि माणसं डब्यात बोलल्यासारखी वाटतात. बसलेल्याचा डोळा १०५ सेंमीवर येत होता. टीव्हीची खालची कड ७५ सेंमीवर ठेवली, तेव्हा पडद्याचा मध्य डोळ्यापेक्षा जरासाच वर राहिला.

रिसीव्हर किती वॅटचा, हा प्रश्न हमखास येतो. स्पीकरची संवेदनशीलता ८७ डेसिबल होती, म्हणजे एका वॅटला एक मीटरवर तेवढा आवाज. २.४ मीटरवर खोलीच्या परावर्तनासकट साधारण ८२ उरतात. बोलणं ऐकायला ६० ते ६५ पुरतात, म्हणजे एका वॅटचाही अंशच. थिएटरच्या मानकात एका वाहिनीचा शिखराचा आवाज १०५ डेसिबल धरलेला असतो, पण घरात कुणी तेवढ्यावर ऐकत नाही. इथे शिखर ९५च्या पुढे जाणार नव्हतं. त्याला आणखी १३ डेसिबल, म्हणजे सुमारे २० वॅट. वॅट दुप्पट केले तर ३ डेसिबल वाढतात, एवढंच. त्यामुळे मोठ्या वॅटच्या आकड्याला भुलण्यापेक्षा खोलीचा आवाज मोजून दुरुस्त करण्याची सोय असलेला साधा रिसीव्हर घेतला. माइक मात्र बसल्यावर कान जिथे येतो तिथेच, तिकाटण्यावर ठेवावा. सोफ्याच्या पाठीवर नको.

सबवूफरने सगळ्यांना गुंतवलं. सवयीने तो पुढच्या कोपऱ्यात ठेवून बघितला, तर एकच स्वर घुमायला लागला. कारण खोलीच्या रुंदीत आहे. ३.५ मीटर अंतराच्या समोरासमोरच्या भिंतींमध्ये ४९ हर्ट्झच्या आसपास ध्वनीची उभी लाट तयार होते. या लाटेचा दाब भिंतींशी सर्वांत जास्त, मधोमध जवळजवळ शून्य. सब पुढच्या भिंतीशी आणि ऐकणारा मागच्या भिंतीशी, म्हणजे लाटेला दोन्हीकडून खतपाणी. सोफा ४० सेंमी पुढे आल्याने हिशोबाप्रमाणे तिचा जोर अडीच डेसिबलच्या आसपास कमी झालाच होता. उरलेल्यासाठी सब खिडकीखाली, दोन्ही लांब भिंतींच्या बरोबर मधे नेला. दाब शून्य असतो तिथून ती लाट फारशी उठत नाही. घुमणं लगेच उतरलं. गणित नको असेल तर जुनी युक्ती चांगली चालते: सब सोफ्यावर ठेवायचा, खोल स्वर सुरू करायचे आणि खोलीभर कान जमिनीजवळ नेऊन फिरायचं. जिथे आवाज सर्वांत सारखा वाटेल तिथे सब ठेवायचा. मुलाने ते रांगत रांगत केलं आणि खिडकीखालीच येऊन थांबला. सब बाजूला असूनही आवाज बाजूने येतो असं वाटत नाही, कारण ८० हर्ट्झच्या खालचं तेवढं त्याच्याकडे पाठवलंय. एवढ्या खोल स्वरांची दिशा कानाला सहसा कळत नाही.

खिडकीला जाड पडदे, सोफ्यापुढे गालिचा, मागच्या भिंतीला पुस्तकांचं उघडं कपाट. हा खर्चही आवाजाच्या भागातूनच केला. टाळीची झणझण गेली आणि दुपारचा उजेडही आटोक्यात आला. बेस मात्र पडद्यांनी आणि गालिच्याने शोषला जात नाही, तो जागेवरच सांभाळावा लागतो. शेवटी वाटणी ५८ आणि ४२ अशी पडली.

जोडणीत एक बारकावा होता. बऱ्याच टीव्हींमध्ये पूर्ण क्षमतेची एचडीएमआय २.१ पोर्टं दोनच असतात आणि त्यांतलं एक ई-आर्कचं, म्हणजे टीव्हीतला आवाज बाहेर नेणारं असतं (आर्क हे त्याचं जुनं, साधं रूप). ते रिसीव्हरला गेलं, दुसरं मुलाच्या कन्सोलला. ऑनलाइन सिनेमांमधला अ‍ॅटमॉस, म्हणजे वरून येणाऱ्या आवाजांसकटचा ध्वनी, डॉल्बी डिजिटल प्लस या दाबलेल्या रूपात येतो, तो साध्या आर्कमधूनही जातो. ई-आर्क लागतं ते डिस्कवरच्या ट्रूएचडी या दर्जा न घटवता दाबलेल्या ध्वनीला किंवा अनेक वाहिन्यांच्या न दाबलेल्या ध्वनीला. यांच्याकडे जुन्या डिस्कही होत्या, काहींवर डीटीएस या वेगळ्या पद्धतीचा ध्वनी. सगळेच टीव्ही डीटीएस पुढे पाठवत नाहीत, म्हणून डिस्क प्लेअर थेट रिसीव्हरला जोडला. ओठ आणि आवाज यांचा मेळ तपासला. आवाज चित्राच्या ४५ मिलिसेकंद पुढे गेला तरी माणसाच्या लक्षात येतं, मागे राहिला तर १२५ पर्यंत सहसा येत नाही. त्यामुळे चूक करायचीच असेल तर मागे राहण्याच्या बाजूने.

चित्रात फिल्ममेकर मोड (सिनेमा बनवला तसाच दाखवणारा), हालचाल मऊ करणारी सोय बंद, दिवस आणि रात्र यांसाठी मागच्या दिव्याची वेगळी पातळी. बाकी काही नाही.

वापर सुरू झाल्यावर सेंटर २ डेसिबलने वाढवला. रात्री उशिरा रिसीव्हरचा नाइट मोड लावतात, तो हळू आवाज उचलतो आणि मोठा दाबतो. रिमोट टेबलावर राहतो. तिघांनी सबटायटल बंद केली. आजींच्या वृत्तवाहिनीचा ध्वनी दोनच वाहिन्यांचा, पण रिसीव्हरचा अपमिक्सर दोन्हीकडे सारखं असलेलं बोलणं उचलून सेंटरला पाठवतो, त्यामुळे निवेदकाचा आवाज त्यांना स्पष्ट मिळतो. सिनेमात मात्र त्यांचे काही शब्द अजून निसटतात. वयाने आधी उंच स्वर ऐकू येईनासे होतात आणि स, श, फ यांसारखी व्यंजनं त्याच पट्ट्यात असतात. ते काम स्पीकरचं नाही. त्यांची श्रवणचाचणी करून घ्या, असं मी सुचवलं आणि त्यांनी ती करून घेतली.

मागचे दोन सराउंड स्पीकर नंतर घ्यायचे ठरले होते. गालिचा पसरण्याआधी त्यांच्या वायरी टाकून ठेवल्या, जागाही आखली: रांगेच्या थोडं मागे, दोन्ही बाजूंना ११० अंशांच्या आसपास. डावा भिंतीवर सहज बसतो. उजव्याला भिंत नाही, त्यामुळे तो स्टँडवर, नेमका येण्याजाण्याच्या वाटेत. बाईंनी नकार दिला, आणि आजी त्याच वाटेने ये-जा करतात हे बघता त्यांचं बरोबर आहे. तोवर रिसीव्हरमध्ये सराउंड 'नाही' असं नोंदवून ठेवलंय, म्हणजे मागच्या वाहिन्यांमधला आवाज हरवत नाही, पुढच्या दोन स्पीकरमध्ये मिसळून येतो.